खाली टेम्पो, वर घर: कॅम्पर व्हॅनसाठी भरवशाचा मिस्त्री कसा शोधायचा

आमची गाडी पहिल्यांदा गॅरेजात नेली तेव्हा तिथल्या पोऱ्यानं दार सरकवून आत डोकावलं आणि विचारलं, "काका, शूटिंगची व्हॅन आहे का?" मागोमाग मिस्त्री आला. त्यानं ओटा, बेसिन, पलंग, वरचा एसी सगळं डोळ्यांखालून घातलं आणि म्हणाला, "काही टेन्शन घेऊ नका साहेब, सगळं करतो आपण."

त्या 'सगळं'चा अर्थ मला ताम्हिणी घाटात कळला. घरातल्या बॅटरीला इंजिनवरून चार्जिंग मिळावं म्हणून त्यानं अल्टरनेटरपासून (इंजिनावर चालणारा, वीज बनवणारा डायनामो) मागेपर्यंत वायर ओढली होती. वायर घरातल्या पंख्याला वापरतात तेवढ्या जाडीची आणि मध्ये फ्यूज नाही. चढावर जळका वास आला, बायकोनं ओट्याखालचा कप्पा उघडला, तर वायरचं प्लास्टिक वितळून प्लायला चिकटलेलं. मी मेन स्विच फिरवला म्हणून तेवढ्यावर निभावलं.

तो मिस्त्री लबाड नव्हता. इंजिनाचं काम त्यानं उत्तम केलं होतं आणि ते आजही टिकून आहे. त्याला येत नव्हतं ते कामही त्यानं घेतलं, आणि मी ते खुशाल दिलं. तेव्हापासून नवा माणूस पारखताना मी एका वाक्याची वाट बघतो: "हे माझं काम नाही, त्याला दुसरा माणूस बघा." हे वाक्य ज्याच्या तोंडून सहज निघतं, त्याच्याकडे मी किल्ली देतो.

पुढचं सगळं फोर्स कंपनीच्या टेम्पो ट्रॅव्हलरवर बांधलेल्या गाडीला धरून लिहिलं आहे, कारण आपल्याकडच्या बऱ्याच कॅम्पर व्हॅन त्याच सांगाड्यावर उभ्या आहेत. तुमची गाडी दुसऱ्या कंपनीची असली तरी शोधण्याची रीत तीच.

आधी गाडीचे तुकडे पाडा

कॅम्पर व्हॅनला एकच मिस्त्री मिळेल ही आशा सोडली की निम्मा त्रास संपतो. खालचा भाग म्हणजे टेम्पो: इंजिन, क्लच, गिअरबॉक्स, ब्रेक, पाटे (वजन पेलणाऱ्या स्प्रिंगा), स्टिअरिंग, टायर. तो समजणारे लोक गावोगावी आहेत. वरचा भाग म्हणजे घर: बॅटरी, सोलर, इन्व्हर्टर, पाण्याचा पंप, टाक्या, गॅस, फ्रीज, छत. त्यातलं एकेक काम येणारे लोकही आहेत, फक्त त्यांनी ते गाडीत क्वचितच केलेलं असतं.

खरी भानगड या दोन्हींच्या सांध्यावर होते. अल्टरनेटरवरून वर गेलेली वायर, एसीसाठी छताला पाडलेलं भोक, टाकी टांगायला चेसिसला मारलेलं वेल्डिंग, सामानामुळे मागच्या पाट्यांवर आलेलं वजन. खालचा मिस्त्री म्हणतो हे वरच्याचं, वरचा म्हणतो हे खालच्याचं. सर्व्हिस सेंटरलाही तसंच. मूळ वायरिंगला कुणी हात लावलेला दिसला की इलेक्ट्रिकची तक्रार ते ऐकूनच घेत नाहीत, आणि त्यांच्या बाजूनं बघितलं तर त्यांचं चुकतंही नाही.

सांध्याची जबाबदारी कुणाची? मालकाची. मिस्त्री शोधायला निघण्याआधी म्हणूनच थोडी तयारी आपल्याला करावी लागते.

एक वही करा

दोनशे पानी साधी वही घ्या. मोबाइलमधले फोटो ऐन वेळी सापडत नाहीत आणि मिस्त्रीचे हात ऑइलनं माखलेले असतात. वही बॉनेटवर उघडून ठेवता येते.

पहिल्या पानावर मॉडेल, वर्ष, बीएस४ की बीएस६ (धुराचा सरकारी निकष, जुना की नवा), इंजिन नंबर, चेसिस नंबर, टायरचा साइज. त्याखाली गाडीची उंची (एसी आणि सोलर पॅनेल धरून), लांबी आणि वजन. उंची टेप लावून मोजा, अंदाजानं लिहू नका. आमची जवळपास दहा फूट भरली आणि तेव्हा कळलं की आधी ठरवलेल्या गॅरेजचं शटर नऊ फुटांचं आहे.

वजनासाठी पाण्याच्या टाक्या भरून, सामान टाकून, घरचे सगळे बसवून गाडी वजनकाट्यावर न्या. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर चढवून आकडा घ्या, मग पूर्ण गाडीचा. वजाबाकी केली की मागच्या अॅक्सलवरचं वजन निघतं. आरसीवर लिहिलेल्या एकूण वजनाशी ताडून बघा. दोनशे लिटर पाणी म्हणजे दोनशे किलो, हे आपण विसरतो. 'गाडी मागून बसते', 'ब्रेक उशिरा लागतात' अशा कितीतरी तक्रारी पाटे किंवा ब्रेक बदलून जात नाहीत, त्या ओझ्याच्या असतात. काट्याची पावती दाखवली तर चांगला मिस्त्री तुमचे हजारो रुपये वाचवेल. त्या पावतीकडे न बघताच जो पाट्यांचं बिल करायला घेईल, त्याला आपण ओळखलं.

पुढच्या पानांवर वायरिंगचं चित्र काढा. कुठली वायर कुठून निघते, फ्यूज कुठे, किती अँपिअरचा. ज्यानं गाडी बांधली त्याच्याकडून पॅनेलिंग बसवण्याआधीचे फोटो मागून घ्या. गाडी अजून बांधायची असेल तर हे फोटो व्यवहाराच्या अटीतच घाला. नंतर कुणी देत नाही.

माणसं कुठे सापडतात

गाडी वॉरंटीत असेल तर खालच्या भागाची ठरलेली सर्व्हिस कंपनीच्या सेंटरलाच करा. त्यात मत द्यायचं काही नाही. वॉरंटी संपल्यावर मात्र बाहेरचा मिस्त्री लागतो, आणि त्याला शोधायला मोबाइलपेक्षा पाय बरे.

फोर्स मोटर्स म्हणजे पूर्वीची बजाज टेम्पो, आपल्या आकुर्डीची. २००५ साली नाव बदललं तरी लोक 'टेम्पो ट्रॅव्हलर'च म्हणतात. हीच गाडी शाळेची बस म्हणून धावते, अॅम्ब्युलन्स म्हणून धावते, शिर्डी-अक्कलकोटच्या यात्रेकरूंना घेऊन धावते. त्या चालकांची गाडी उभी राहिली की रोजी बुडते, त्यामुळे ते भिकार मिस्त्रीकडे दुसऱ्यांदा जात नाहीत. शिर्डीच्या पार्किंगमध्ये किंवा कोल्हापुरात अंबाबाईच्या देवळाजवळच्या वाहनतळावर सकाळी चहा घेत उभे राहा आणि ज्यांची गाडी दोन-तीन लाख किलोमीटर चाललेली आहे अशा चालकाला विचारा. "चांगला मिस्त्री कोण?" असं नका विचारू, तो ओळखीतलं नाव सांगेल. "मागच्या वेळी क्लच कुणी टाकला आणि किती चालला?" असं विचारा. तीन चालकांकडून एकच नाव आलं की पत्ता लिहून घ्या.

एसटीतून निवृत्त झालेले मेकॅनिक हा दुसरा खजिना. दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा इथल्या एसटीच्या मध्यवर्ती कार्यशाळांमध्ये किंवा एखाद्या डेपोत आयुष्य काढलेला माणूस ब्रेक आणि स्टिअरिंगच्या बाबतीत कधीच 'चालतंय' म्हणत नाही. नव्या कॉम्प्युटरवाल्या डिझेल इंजिनाचा स्कॅनर (बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) त्याच्याकडे नसेल, पण गाडीखाली झोपून टायरॉड (स्टिअरिंग चाकांना जोडणारा दांडा) हलवत तो जे सांगेल ते ऐकावं. अशा एका काकांना मी वर्षातून एकदा नुसती गाडी दाखवायला बोलावतो. चहा-नाश्ता आणि त्यांच्या वेळेचे पैसे, एवढाच खर्च.

तिसरी जागा आधी सांगितलेल्या पोऱ्याच्या प्रश्नातच होती. व्हॅनिटी व्हॅन! गोरेगावच्या चित्रनगरीच्या आसपास किंवा कोल्हापूरच्या चित्रनगरीत या गाड्या सांभाळणारी पोरं रोज एसी, जनरेटर, पाण्याचा पंप, टॉयलेटची टाकी यांच्याशी झटत असतात. शूटिंग सुरू असताना एसी बंद पडला तर त्यांना अर्ध्या तासात तो चालू करावा लागतो. घराच्या भागासाठी यांच्याइतके सराईत हात दुसरीकडे सापडायचे नाहीत.

महाराष्ट्राचं कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण २०२१ साली आलं. भाड्यानं कॅरॅव्हॅन देणारे व्यावसायिकही आता भेटतात. त्यांच्या मालकापेक्षा चालकाशी बोला.

फोनवरचे प्रश्न

गाडी घेऊन जाण्याआधी फोन करा, शक्यतो दुपारी दोन ते चारच्या मध्ये. सकाळी गाड्या आत घेण्याची घाई असते, संध्याकाळी द्यायची. संभाषण साधारण असं:

"दादा, ट्रॅव्हलर आहे, आत घर केलंय. उंची दहा फूट, वजन साडेतीन टनांच्या वर. खड्डा आहे का तुमच्याकडे?"

लिफ्ट आहे म्हणाले तर किती टनांची, ते विचारा. मोटारींसाठीच्या दोन खांबी लिफ्टवर ही गाडी चढवू नये. गाडीखाली उतरून काम करायचा खड्डा असेल तर सगळ्यात उत्तम. नुसत्या जॅकवर काम होणार असेल तर खाली घोडे (गाडी पेलणारे लोखंडी स्टँड) लावतात का, हे विचारायला संकोच करू नका.

"बीएस६ आहे. स्कॅनर आहे का? डीपीएफ साफ करायची वेळ आली तर स्कॅनरवरून होतं का?"

'डीपीएफ काढूनच टाकू, कटकट नको' असं उत्तर आलं तर आभार मानून फोन ठेवा. तो धुराचा गाळणी-डबा काढणं बेकायदा आहे, आणि पीयूसीपासून विम्यापर्यंत ते नंतर नडतं.

"ऑइल कुठलं घालता?" हा माझा आवडता प्रश्न. डीपीएफ असलेल्या इंजिनाला कमी राख होणारं, मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या ग्रेडचंच ऑइल लागतं, नाहीतर गाळणी लवकर चोंदते. ब्रँडचं नाव चटकन सांगणाऱ्यापेक्षा "मॅन्युअल घेऊन या, बघून घालू" म्हणणारा मला जास्त पटतो.

"सोलर आणि आतली बॅटरी बघता का?" या प्रश्नाला 'नाही' आलं तर खूश व्हा.

गॅरेजात पहिली फेरी

पहिल्या फेरीला गाडी नेऊ नका, दुचाकीवर जा. तिथे किती गाड्या उभ्या आहेत यापेक्षा किती गाड्यांवर धूळ बसलेली आहे ते बघा. धूळ म्हणजे पार्ट येईपर्यंत किंवा भांडण मिटेपर्यंत अडकलेली गाडी. सुटे केलेले नट-बोल्ट डब्यात वेगळे ठेवलेत की जमिनीवर पसरलेत? टॉर्क रेंच (नट नेमक्या जोरानं आवळणारा पाना) आहे का, आणि असेल तर तो वापरलेला दिसतो की वेष्टनात? जुनं ऑइल पिंपात साठवतात की मागच्या ओढ्यात सोडतात? ओढ्यात सोडणारा माणूस तुमच्या इंजिनाबद्दलही फारसा हळवा नसतो, असा माझा अनुभव.

मुख्य मिस्त्री आणि हाताखालचे लोक एकमेकांशी कसे बोलतात, ते अर्धा तास बसलं की कळतं. ज्या गॅरेजात चूक सांगितल्यावर शिवी बसते, तिथे पोरं चुका लपवतात. तुटलेला बोल्ट गोंदानं चिकटवून मोकळी होतात. हे मी अंदाजानं सांगत नाही, तसा बोल्ट माझ्या वहीच्या खिशात अजून आहे.

पहिलं काम लहान द्या

क्लच किंवा इंजिनाचं काम घेऊन नव्या माणसाकडे जाऊ नये. ऑइल, ऑइल फिल्टर, डिझेल फिल्टर, ब्रेकची तपासणी एवढंच द्या. जुन्या फिल्टरवर आधी मार्करनं बारीक खूण करून ठेवा आणि काढलेले सगळे पार्ट परत मागा. खूण केलेला फिल्टर हातात आला की पहिली परीक्षा पास. चाक काढलं असेल तर नट आवळल्यावर त्यावर रंगाची रेघ ओढून घ्या. पन्नास ते शंभर किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळायला या, असं त्यानं स्वतःहून सांगितलं तर दुसरीही पास.

या वेळी त्याच्याकडून काय तपासून घ्यायचं, ते मात्र आपल्याला माहीत हवं. कॅम्पर व्हॅनचं दुखणं रोज धावणाऱ्या ट्रॅव्हलरसारखं नसतं. आपली गाडी धावते कमी, उभी जास्त. म्हणून किलोमीटर मोजून सर्व्हिस करण्यात अर्थ नाही, कॅलेंडर बघायचं. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. दोन वर्षांनी ते बदलून ब्रेकमधली हवा काढून घ्या, मग गाडी पाच हजार किलोमीटर चाललेली असो की पन्नास हजार. जुनं ब्रेक ऑइल सपाटीवर काही बोलत नाही. आंबोली किंवा कशेडी उतरताना ब्रेक तापले की त्यातलं पाणी उकळतं आणि पेडल खाली जातं. डिझेल फिल्टरखालचं पाणी पावसाळ्यानंतर सोडून द्या. डीईएफची (धूर स्वच्छ करणाऱ्या युरियाच्या द्रवाची) टाकी असेल तर त्यातलं द्रव उन्हात फार दिवस ठेवू नका, त्याचा कस वर्षभरातच उतरतो. टायरच्या कडेला चार आकडी खूण असते: २३२२ म्हणजे २०२२ सालातला तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी सहा-सात वर्षांचा टायर मी ठेवत नाही. उभ्या गाडीचा टायर झिजत नाही, तो कडक होऊन तडकतो.

आणि उंदीर. वायरी कुरतडलेल्या आहेत का, हे बॉनेटखाली आणि फ्यूज बॉक्सच्या मागे बघायला सांगा. कुठलाही स्कॅनर 'उंदीर' असा एरर कोड दाखवत नाही.

गाडी सोपवताना सिलिंडर काढून घ्या, इन्व्हर्टर बंद करा, आतले फोटो काढा, जमिनीवर पुठ्ठे पसरा. आमच्या पलंगावर दुपारी दोन पोरं गाढ झोपलेली मला सापडली आहेत, बुटांसकट. उठवून चहा पाजला. पुढच्या वेळेपासून मधलं दार कुलूपबंद.

वरच्या घराचे कारागीर

इथे सावकाश जायला हवं. खालच्या भागात चूक झाली तर बहुतेक वेळा गाडी बंद पडते, वरच्या भागात चूक झाली तर आग लागते.

*वीज.* घरांवर सोलर बसवणारा माणूस उन्हाचं गणित जाणतो, पण त्याची सवय भिंतीची असते. भिंत हलत नाही. गाडीत हादऱ्यानं स्क्रू सैल होतात, वायर पत्र्याच्या कडेवर घासते. मला सापडलेला सगळ्यात चांगला वायरमन रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात मासेमारीच्या बोटींवर काम करणारा निघाला. बारा व्होल्टची बॅटरी, हादरे, खारी हवा, पाणी, हे सगळं त्याच्या हाताखालून रोज जातं. त्यानं आमची एक जोडणी बघून फक्त मान हलवली आणि सगळे लग (वायरीच्या टोकाचे धातूचे जोड) कापून नव्यानं दाबून बसवले. किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी, गोव्यातल्यांनीही, बंदरात चौकशी करावी.

नवा इलेक्ट्रिशियन पारखायला तीन प्रश्न पुरतात. पहिला: हजार वॉटच्या इन्व्हर्टरला बारा व्होल्टवर किती करंट लागेल? तोंडी हिशेब करून 'ऐंशी-पंच्याऐंशी, घट धरून शंभर अँपिअर' असं म्हणाला तर त्याला जाड वायरचं महत्त्व कळतं. दुसरा: फ्यूज कुठे लावाल? उत्तर 'बॅटरीच्या जितक्या जवळ जमेल तितक्या' असं हवं. फ्यूज वायरला वाचवतो, उपकरणाला नव्हे. तिसरा: लिथियमची बॅटरी अल्टरनेटरला कशी जोडाल? 'थेट' हे उत्तर चुकीचं. लिथियम मिळेल तेवढा करंट ओढून घेते आणि अल्टरनेटर तापून जळतो. मध्ये करंटला लगाम घालणारा डीसी-टू-डीसी चार्जर लागतो. माझ्या ताम्हिणीच्या गोष्टीत तोच नव्हता.

काम झाल्यावर स्वतः मल्टिमीटर लावा, साधा मीटर पुरतो. रात्रभर विसावलेली शिशाची बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवायला हवी. इंजिन चालू केल्यावर गाडीच्या बॅटरीवर साधारण १३.८ ते १४.४. बाहेरून २३० व्होल्टचं कनेक्शन घेत असाल तर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) बसवलेला हवा आणि त्याचं टेस्टचं बटण दाबल्यावर तो पडायला हवा. घरगुती इन्व्हर्टरची पाण्याची बॅटरी पलंगाखाली ठेवायला कुणी सुचवलं तर स्पष्ट नकार द्या. चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो.

*गॅस.* शक्य असेल तर गॅस काढून इंडक्शन घ्या, हे माझं मत. ठेवायचाच असेल तर सिलिंडरचा कप्पा आतल्या खोलीपासून पूर्ण बंद आणि तळाला बाहेर उघडणारं भोक असलेला हवा. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, तो जमिनीवर साचतो, खिडकीतून निघून जात नाही. नळीवर तारीख छापलेली असते, पाच वर्षांनी नळी बदलायची. गॅसच्या जोडण्या गाडीचा मिस्त्री, सुतार किंवा हौशी मेव्हणा यांच्याकडून करून घेऊ नका. जोडणी कुणीही केली तरी साबणाच्या पाण्याचा फेस लावून सांधे स्वतः तपासा, आणि खडबडीत रस्त्याच्या प्रवासानंतर पुन्हा तपासा. गळती झाली तर १९०६ हा मदतीचा क्रमांक आहे.

*छत आणि पाणी.* छताची गळती सिलिकॉनच्या नळीनं थांबत नाही, ती पुढच्या पावसाळ्यापर्यंत ढकलली जाते. फायबरच्या बोटी बांधणारे कारागीर जुना थर घासून, फायबरची मॅट आणि रेझिन टाकून जोड देतात, तो टिकतो. पाणी ठिबकतं तिथेच भोक असतं असं नाही. ते पत्र्यावरून फूट-दीड फूट वाहत येतं. 'इथे ठिबकतंय ना, इथेच लावतो' म्हणणारा कारागीर टाळा. पाण्याच्या पंपाला कुठलाही चांगला आरओ फिल्टर दुरुस्त करणारा पुरतो, त्यात फार विचार नको.

चेसिसला वेल्डिंग करायची वेळ आली तर आधी दोन्ही बॅटऱ्यांच्या निगेटिव्ह वायरी काढायला लावा, नाहीतर गाडीचा कॉम्प्युटर जाऊ शकतो. छत उंच करणं, सीट वाढवणं असल्या फेरफारांना आरटीओची नोंद लागते. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम त्यासाठीच आहे. 'कोण बघतंय?' म्हणणाऱ्या बॉडीवाल्याला सांगा, विम्याचा सर्व्हेअर बघतो.

बिल, आणि बिनसलं तर

कामाआधी जॉबकार्डवर काम लिहून घ्या. जादा काम निघालं तर फोन करून विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, ही ओळही त्यावर असू द्या. पार्ट कंपनीचा की लोकल, हे बिलात लिहिलेलं हवं. लोकल म्हणजे वाईट असं नाही. रबरी बूश किंवा आरशाची काच लोकल चालते. ब्रेकचे लायनर, क्लच प्लेट आणि फिल्टर यांत मी काटकसर करत नाही. पक्क्या बिलावर १८ टक्के जीएसटी लागतो म्हणून 'बिल कशाला?' असा लाडिक प्रश्न येईल. बिल घ्याच. ते नसेल तर पुढचं काहीच सिद्ध होत नाही.

मजुरीत फार घासाघीस करू नका. पार्टच्या किमतीत करा. मजुरी कापलेला माणूस ती कुठून तरी भरून काढतो.

बिनसलं तर आधी शांतपणे, वही आणि जुना पार्ट घेऊन मिस्त्रीकडेच जा. बहुतेक वाद तिथेच मिटतात. नाही मिटला तर लेखी तक्रार, मग १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, आणि शेवटी जिल्हा ग्राहक आयोग. घटनेपासून दोन वर्षांच्या आत जावं लागतं. पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याला फी नाही आणि वकीलही सक्तीचा नाही.

कधी जायचं

मे आणि जूनच्या पहिल्या पंधरवड्यात ट्रॅव्हलरच्या मिस्त्रीकडे पाय ठेवायला जागा नसते. शाळा उघडण्याआधी सगळ्या स्कूल बस तिथे असतात. दिवाळीच्या आधी टूरवाले असतात. आपल्या गाडीला घाई नाही, तर त्याचा फायदा घ्या. शाळा सुरू झाल्या की जुलै-ऑगस्टमध्ये मिस्त्रीला श्वास घ्यायला वेळ असतो, आणि छत कुठे गळतं हे दाखवायला पाऊसही असतो. खालचं मोठं काम आणि छताची पाहणी मी तेव्हा करतो, फायबरचं काम पाऊस उघडल्यावर, कोरड्या हवेत.

वाटेत बंद पडली तर

विम्यासोबत घेतलेली रस्त्यावरची मदत तुमच्या गाडीला लागू आहे का, हे घरी असतानाच फोन करून विचारा. 'गाडी साडेतीन टनांची, दहा फूट उंच, टोचन कशानं कराल?' असं थेट विचारा. मोटारींचा छोटा फ्लॅटबेड येऊन परत गेला तर रात्र रस्त्यावर जाते. राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी १०३३ लावा. समृद्धीसारख्या ७०१ किलोमीटरच्या रस्त्यावर मधेच उतरून मिस्त्री शोधणं सोपं नाही, त्यामुळे चढण्याआधी थंड टायरची हवा, कूलंट आणि स्टेपनी बघून घ्या.

तरीही अनोळखी गावात टपरीवरच्या मिस्त्रीची गरज पडतेच, आणि तो बहुतेक वेळा भला माणूस असतो. त्याला फक्त एवढं सांगा: "दादा, घरी पोचण्यापुरतं करून द्या, पक्कं काम आमच्या माणसाकडे करतो." त्याच्यावरचं ओझं उतरतं आणि तो नको ते उघडत नाही. वरच्या घराच्या कुठल्याच वायरीला त्याला हात लावू देऊ नका. काय बांधलं, काय तोडलं, कुठली वायर वगळली, ते त्याच्याच हातानं वहीत लिहून घ्या. अक्षर कसंही असो. आमच्या वहीत साकोलीजवळच्या एका मिस्त्रीनं लिहिलंय, "पंखा डायरेक केला आहे, घरी गेल्यावर काढणे." घरी आल्यावर आमच्या मिस्त्रीनं ते वाचलं आणि पाच मिनिटांत काढलं.